संगणक आणि आपण : जुन्या फॉन्टातली नावे



१९५६ नंतर नशिराबादच्या आमच्या वस्तीत ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांची यादी आम्ही २००४ साली वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकून वहीत उतरवली आणि भुसावळला टाईप करून घेतली. पुढे वहीला वाळवी लागली. सांगणारेही बहुतेक गेले. उरली ती फाईल. यंदा वर्षावासात ती नव्या संगणकावर उघडली, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ!

अशा वेळी घाबरू नये. फाईल बिघडलेली नसते. जुन्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. तो फॉन्ट नसला की आतले इंग्रजी अक्षर उघडे पडते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. म्हणून युनिकोडमधला मजकूर कुठेही वाचता येतो, शोधताही येतो.

आमच्या एका उत्साही मुलाने 'शोधा आणि बदला' करून एकेक चिन्ह बदलले आणि त्याच फाईलवर सेव्ह केले. झाले, निम्मी नावे गेली! एका जुन्या सीडीवर दुसरी प्रत निघाली म्हणून निभावले. म्हणून पहिला नियम हा की मूळ फाईलला हात लावू नये, काम नेहमी नकलेवर करावे.

मग त्याच मुलाने पायथन या मोफत मिळणाऱ्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. आपल्या मुलामुलींनी त्यातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) कोणत्या चिन्हाचे कोणते अक्षर, याचा तक्ता आधी कागदावर करावा. प्रत्येक फॉन्टाचा तक्ता वेगळा असतो.

२) दोन-तीन चिन्हांचे जोड आधी बदलावेत, सुटी चिन्हे नंतर. पुष्कळ फॉन्टांत अर्धा 'ख' आणि काना मिळून पूर्ण 'ख' होतो. अर्धा आधी बदलला की काना लोंबकळत राहतो.

३) 'विहार' शब्दात जुना फॉन्ट वेलांटी 'व'च्या आधी ठेवतो, युनिकोड नंतर. 'धर्म' शब्दात रफार जुन्यात 'म'नंतर येतो, युनिकोडमध्ये 'म'च्या आधी. तेव्हा नुसती अदलाबदल पुरत नाही, जागाही हलवावी लागते.

४) नवी फाईल वेगळ्या नावाने आणि 'यूटीएफ-८' पद्धतीने सेव्ह करावी.

आधी दहा नावांवर चालवून पाहावे, मगच पूर्ण यादीवर. शेवटी एकाने मोठ्याने वाचावे आणि जुन्या माणसांनी ऐकावे. आमच्याकडे विहारात एका आजीबाईंनी तीन चुका पकडल्या. त्यांतले एक नाव त्यांच्या सासऱ्यांचे होते. प्रोग्रॅमला ते चूक वाटले नव्हते.

तुमच्या विहाराच्या, महिला मंडळाच्या जुन्या फायली आजच उघडून पाहा. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरी ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!