शौर्याची जाहिरात आणि घरातली आई



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतील. भातसा धरण आपल्याच तालुक्यात असूनही शहापूरच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हंडा घेऊन रांगेत उभी असते ती मुलगी. तिचा भाऊ घरातल्या एकुलत्या एका मोबाईलवर बंदुकीचा खेळ खेळत असतो. वाशिंदच्या आमच्या बैठकांत दारूच्या खालोखाल आता या खेळांची तक्रार येऊ लागली आहे. म्हणून या वेळी त्याविषयी लिहीत आहे.

‘पब्जी’ मोबाईलवर आला २०१८ साली. जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमात एका आईने मुलाच्या मोबाईलवरील खेळांची काळजी बोलून दाखवली. तो ‘पब्जीवाला’ आहे का, असे पंतप्रधानांनी विचारले आणि सभागृहात हशा पिकला. त्याच महिन्यात मुंबईच्या ११ वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि या खेळावर बंदी मागितली. दोन्हीकडे पुढे झाली ती आईच. पण २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात ‘पब्जी’ गेला तो देशाच्या सुरक्षेच्या कारणाने. खेळ मुलांना काय शिकवतो, हा प्रश्न तसाच राहिला. त्यामुळे २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ हे नवे नाव घेऊन तो परत आला, याचे नवल वाटायला नको.

बंदीनंतर दोनच दिवसांनी अभिनेते अक्षय कुमार यांनी ‘फौ-जी’ या भारतीय खेळाची घोषणा केली. करमणुकीबरोबर जवानांचे बलिदानही मुलांना कळेल आणि निव्वळ उत्पन्नाचा २० टक्के हिस्सा ‘भारत के वीर’ या निधीला जाईल, असे सांगण्यात आले. खेळाची पार्श्वभूमी गलवान खोऱ्याची. तिथे जून २०२० मध्ये आपले २० जवान मारले गेले होते. त्यांचे वर्षश्राद्धही झाले नव्हते, तोच २६ जानेवारी २०२१ रोजी खेळ बाजारात आला. प्रजासत्ताक दिन हा विक्रीचा मुहूर्त ठरला.

निधीला पैसे देण्यात वाईट काही नाही. पण देशभक्तीचे लेबल लागले की आईचे तोंड बंद होते. ‘खेळ पुरे’ म्हणणारी बाई कालपर्यंत अडाणी ठरत होती, आता ती देशाच्या विरोधातही ठरू शकते.

ही रीत केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या सैन्याने ४ जुलै २००२ रोजी, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, ‘अमेरिकाज आर्मी’ नावाचा फुकट खेळ काढला. उद्देश भरतीचा होता आणि तो २०२२ पर्यंत चालला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या २०१० च्या एका जाहिरातीत रोजच्या कामाच्या कपड्यांतली साधी माणसे गोळ्या झाडतात. प्रत्येकात एक सैनिक असतो, हा तिचा संदेश. तिच्यात बायकाही आहेत. बायकांना वगळले एवढीच आपली तक्रार असती, तर ती तिथे मिटली असती.

आपली तक्रार वेगळी आहे. या जाहिरातींतल्या सैनिकाला घर नसते. मेलेला गडी पुढच्या डावात उठून उभा राहतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांतला एकही उठला नाही. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. दोन लहान मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक यांनी कष्टाने प्रशिक्षण पुरे केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. शौर्य आम्हांलाही कळते. त्याची किंमत घरादाराला मोजावी लागते, हेही कळते. जाहिरात नेमकी ही किंमत झाकते आणि मग शौर्य म्हणजे समोरच्याला आडवे करणे, एवढाच अर्थ मुलांपाशी उरतो. पुरुषपणाचा हा धडा पुढे कोणाच्या अंगावर निघतो, हे आपल्या बैठकांत येणाऱ्या बायकांना सांगायला नको.

बंदी मागून किंवा मोबाईल हिसकावून हे सुटणार नाही. आईने पोलीस व्हावे आणि बापाने नामानिराळे राहावे, हेही चालणार नाही. दोघांनी मुलाशेजारी बसून तो खेळ एकदा पाहावा. यात शत्रू कोण, तो शत्रू का, पडलेल्याच्या घरी कोण आहे, हे प्रश्न त्याला विचारावेत. आपल्या भागातली जी मुले भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावतात, त्यांना या गप्पांत जरूर बोलवावे. त्यांच्यासाठी सैन्य म्हणजे पोटापाण्याचा, जोखमीचा प्रश्न आहे.

आणि हंड्याची रांग भावाच्याही वाट्याला यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. बहिणीच्या हातात तो आला तर ती काय पाहील, काय वाचील, हेही विचारू या.

तुमच्या घरी, तुमच्या पाड्यावर याविषयी काय बोलणे होते, ते जरूर कळवा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांना जागा राखून ठेवत आहोत.