‘आकस्मिक मृत्यूची नोंद’ म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नव्हे! संशयास्पद मृत्यूनंतर पहिल्या २४ तासांत पोलिसांनी काय करायचं असतं?

‘याप्रकरणी पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद करण्यात आली असून पुढील तपास सुरू आहे.’ जिल्ह्याच्या बातम्यांमधली ही ओळ डेस्कवर आम्ही इतक्यांदा टाइप केली आहे की ‘आक’ लिहिलं की उरलेलं वाक्य कीबोर्डच सुचवतो. वाचणाऱ्याला वाटतं, चला, गुन्हा दाखल झाला. पुष्कळदा मृताच्या घरच्यांनाही तसंच वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी गुन्हा दाखल झालेला नसतो, कुणी आरोपी नसतो आणि कायद्याच्या भाषेत ‘तपास’ही सुरू झालेला नसतो. सुरू झालेली असते ती फक्त चौकशी, मृत्यू कशामुळे झाला एवढ्यापुरती.

हा फरक शब्दांचा वाटेल, पण परभणी जिल्ह्यानं तो अगदी जवळून पाहिला आहे. १५ डिसेंबर २०२४ रोजी सोमनाथ सूर्यवंशी या विधी शाखेच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. त्याच्या मृत्यूबाबत गुन्हा नोंदवावा की नाही, हा वाद उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यात साडेसात महिने गेले. त्याबद्दल पुढे सविस्तर. आधी साधी, गावपातळीवरची गोष्ट बघू.

समजा, चारठाण्याच्या शिवारात विहिरीत मृतदेह दिसला, तर?

चारठाणा हे जिंतूर तालुक्यातलं जुन्या मंदिरांचं गाव. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, त्यामुळे आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरची अशी खबर तिथेच येणार. समजा, सकाळी मोटार चालू करायला गेलेल्या कुणाला विहिरीत मृतदेह दिसला. (हे उदाहरण काल्पनिक आहे, कुठल्याही घटनेशी त्याचा संबंध नाही.) पाय घसरला, उडी घेतली, की कुणी ढकललं? की मृत्यू दुसरीकडेच झाला आणि मृतदेह नंतर पाण्यात टाकला? काठावर उभं राहून हे कुणालाच सांगता येत नाही, पोलिसांनाही नाही.

खबर देण्याची जबाबदारी पहिल्यांदा येते गावाच्या पोलीस पाटलावर. गावात किंवा गावाजवळ अचानक, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यू झाला तर तो तातडीनं कळवणं हे गावच्या अधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसचं) कलम ३४ सांगतं. ११२ वर कुणीही फोन करू शकतो.

खबर आली की ठाणे अंमलदार आधी स्टेशन डायरीत नोंद घेतो. कोण, कधी, काय म्हणालं, ते सगळं वेळेसह. मी इंजिनीअरिंग करून पत्रकारितेत आलो, म्हणून मला ही डायरी सर्व्हरच्या लॉगसारखी वाटते. सगळं सुरळीत असतं तेव्हा लॉग कुणी उघडत नाही. गडबड झाली की सगळे आधी तिथेच जातात आणि दोन नोंदींमध्ये अडीच तासांची पोकळी दिसली की प्रश्न सुरू होतात.

यानंतर लागू होतं कलम १९४. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १७४ ते हेच. ठाणेप्रमुखानं जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचं, स्वतः घटनास्थळी जायचं, परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित व्यक्तींना पंच म्हणून बोलवायचं आणि त्यांच्यासमोर मृतदेहाची पाहणी करायची. अंगावर जखमा, मुका मार, हाड मोडल्याच्या खुणा आहेत का, त्या कशानं झाल्या असाव्यात, हे लिहायचं. यालाच आपण इन्क्वेस्ट किंवा मरणोत्तर पंचनामा म्हणतो. मृतदेह जिथे सापडला त्या जागेचा घटनास्थळ पंचनामा वेगळा असतो. नव्या कायद्यानं इथे एक महत्त्वाची भर घातली आहे: हा अहवाल २४ तासांच्या आत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. जुन्या कायद्यात ‘ताबडतोब’ असा शब्द होता आणि सरकारी कामात त्याचा अर्थ ज्याच्या त्याच्या सोयीनं लागतो.

पहिल्या तासात नेमकं काय बिघडतं?

बहुतेकदा पोलीस पोहोचायच्या आधीच बिघडतं. गर्दी जमते. बाजेला दोर बांधून मृतदेह वर काढला जातो. काठावरची माती शंभर पायांनी तुडवली जाते, चपला इकडच्या तिकडे होतात, कुणीतरी मृताचा मोबाइल उचलून ‘जपून’ ठेवतो आणि त्यावर स्वतःच्या बोटांचे ठसे सोडतो. यात बहुधा कुणाचाच वाईट हेतू नसतो. माणूस जिवंत असण्याची थोडी जरी शक्यता असेल तर त्याला बाहेर काढणं हेच पहिलं काम आहे, यात वाद नाही. पण तो गेला आहे हे स्पष्ट असेल, तर पोलीस येईपर्यंत थांबणंच योग्य. हातात फोन असेल तर काहीही हलवण्याआधी जागेचे दोन-चार फोटो काढून ठेवा आणि ते पोलिसांना द्या. गावच्या ग्रुपवर टाकू नका.

पोलिसांकडूनही चुका होतात, आणि त्या छोट्या दिसतात. गळफासाच्या घटनेत दोर गाठीपासून दूर कापायचा आणि गाठ तशीच जपायची असते, कारण गाठ कशी बांधली हासुद्धा पुरावा असतो. विषबाधेचा संशय असेल तर बाटली, ग्लास, उलटीचा नमुना त्याच दिवशी जप्त व्हायला हवा. विहिरीच्या बाबतीत त्याच विहिरीचं पाणी बाटलीत भरून घ्यावं लागतं. याचं कारण रंजक आहे. पाण्यात डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल असतात, त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचेच्या जातीचं. माणूस जिवंतपणी बुडाला तर श्वासाबरोबर आत गेलेलं पाणी फुप्फुसातून रक्तात जातं आणि हे डायटम हाडांतल्या मगजापर्यंत पोहोचू शकतात. मृत्यूनंतर पाण्यात टाकलेल्या शरीरात रक्ताभिसरण थांबलेलं असतं, त्यामुळे तसं सहसा घडत नाही. प्रयोगशाळेत मगजातले डायटम आणि विहिरीतले डायटम जुळतात का, हे पाहतात. या चाचणीच्या खात्रीबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, पण ती करायचीच असेल तर पाण्याची बाटली हवी. महिन्याभरानं पाऊस पडून गेल्यावर भरलेली बाटली काय कामाची?

शवविच्छेदन सक्तीचं असतं का?

मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवावाच लागतो. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेनं आत्महत्या केली असेल किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असेल, तर त्यात पर्याय नाही. इतकंच नव्हे, अशा प्रकरणात पोलिसांच्या पंचनाम्यावर न थांबता दंडाधिकाऱ्यांनी स्वतः चौकशी करायची असते. व्यवहारात हे काम बहुतेकदा तहसीलदार किंवा नायब तहसीलदारांकडे येतं. विवाहितेच्या नातेवाइकानं मागणी केली तरी शवविच्छेदन करावं लागतं. माहेरच्या मंडळींना हा हक्क आहे हे अनेकदा अंत्यविधी उरकल्यावर कळतं. पुरलेला मृतदेह दंडाधिकारी बाहेर काढायला लावू शकतात. दहन झालेल्याचं काही करता येत नाही.

रुग्णालयाबाहेर रात्रभर ताटकळणारे नातेवाईक विचारतात, ‘रात्री का करत नाहीत?’ केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं नोव्हेंबर २०२१ मध्ये सुविधा असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाची परवानगी दिली. पण खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं त्यातून वगळली आहेत, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर ती दिवसाउजेडीच करायची. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त घाई असते, त्यांनाच थांबावं लागतं. आणि हे थांबणं योग्यच आहे.

‘व्हिसेरा राखून ठेवला’ या वाक्यानं मात्र सावध व्हावं. त्याचा अर्थ मृत्यूचं अंतिम कारण अजून ठरलेलं नाही. पोट, यकृत, मूत्रपिंड यांचे नमुने साधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात. अहवाल येईपर्यंत फाइल ‘प्रलंबित’ असते आणि या काळात पाठपुरावा करणारं कुणी नसेल, तर ती तशीच राहते.

मग गुन्हा कधी नोंदवतात?

चौकशीत दखलपात्र गुन्हा घडल्याचं समोर आलं की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. १२ नोव्हेंबर २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं हे स्पष्ट केलं आहे. पण ‘समोर आलं’ हे ठरवतं कोण? तेच पोलीस ठाणं. गोची इथेच आहे.

सुशांतसिंह राजपूत प्रकरण आठवा. मुंबई पोलिसांनी ५६ जणांचे जबाब घेतले, पण एफआयआर नव्हता. १९ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं यावर बोट ठेवलं: कलम १७४ ची चौकशी मृत्यूच्या कारणापुरती मर्यादित आहे, तो गुन्ह्याचा तपास नव्हे. पाटण्यात नोंदवलेला एफआयआर ग्राह्य धरून तपास सीबीआयकडे गेला. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. टीव्हीवरच्या त्या गदारोळातून कामाचं उरलं ते एवढंच कायद्याचं स्पष्टीकरण.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. ५ मार्च २०२१ रोजी मुंब्र्याच्या खाडीत मनसुख हिरेन यांचा मृतदेह सापडला. सुरुवातीला आकस्मिक मृत्यूचीच नोंद झाली. दोन दिवसांत, ७ मार्चला, एटीएसनं खुनाचा गुन्हा नोंदवला आणि पुढे तपास एनआयएकडे गेला. म्हणजे मनात आणलं तर दोन दिवस पुरतात.

नव्या कायद्यात यामुळेच एक फट राहिली आहे, असं मला वाटतं. कलम १७६ (३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणं आणि त्याचं चित्रीकरण सक्तीचं होणार आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पण ही सक्ती ‘गुन्हा घडल्याची माहिती’ मिळाल्यावरची. नोंद आकस्मिक मृत्यूची असेल तर तज्ज्ञांना बोलवायचं की नाही, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर राहतं. जिथे काय घडलं हेच माहीत नाही, तिथे तज्ज्ञांची गरज सर्वांत जास्त, आणि नेमकी तिथेच सक्ती नाही.

परभणीत काय झालं?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकर पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड झाली. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ तारखेला त्याचा मृत्यू झाला. कोठडीतल्या मृत्यूला कलम १९६ लागू होतं: पोलिसांच्या चौकशीशिवाय न्यायदंडाधिकाऱ्यांनी वेगळी चौकशी करायची. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवायचं, हा दंडक १९९३ पासून आहे.

शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरला झालं. प्राथमिक मत होतं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. विधानसभेत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सोमनाथला श्वसनाचा आजार होता, असं सांगितलं. सोमनाथची आई विजयाबाई सूर्यवंशी यांनी १८ डिसेंबरलाच पोलिसांकडे तक्रार दिली होती, पण त्यावर गुन्हा नोंदवला गेला नाही. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीतही पोलिसांवर ठपका आला. अखेर ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं एका आठवड्यात गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला ती याचिका फेटाळली गेली.

शवविच्छेदनाचं मत पहिल्याच आठवड्यात कागदावर होतं, आईची तक्रारही होती. तरी एफआयआरसाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं.

घरच्यांनी काय करावं?

आकस्मिक मृत्यूच्या नोंदीचा क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक अर्जात तो लागतो. संशय असेल तर तो तोंडी सांगून थांबू नका. लेखी द्या आणि पोच घ्या. पंचनाम्यावर सही करायची वेळ आली तर आधी वाचा. दिसलेली एखादी जखम त्यात नसेल तर लिहायला लावा. शवविच्छेदन अहवालाच्या प्रतीसाठी अर्ज करा.

ठाण्यानं एफआयआर नाकारला तर कलम १७३ (४) खाली तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात, टपालानंसुद्धा, पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. चारठाण्याच्या माणसासाठी ते कार्यालय परभणीला. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं आणि आधी अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावा लागतो, म्हणून टपालाची पावती फेकू नका.