यंत्र मिळालं तर...

सिनेमा तोच असतो, पण आपलं वय वाढलं की त्यात दुसरंच काही दिसू लागतं. गेल्या रविवारी घरच्या सगळ्यांनी मिळून 'मिस्टर इंडिया' पुन्हा पाहिला, तेव्हा आम्हाला हे पटलं.

१९८७ साली हा चित्रपट आला तेव्हा आम्ही लहान होतो. परभणीत आमच्या गल्लीत वर्गणी काढून व्हिडिओ भाड्याने आणला होता. सतरंज्या टाकून अख्खी गल्ली बसली. मध्येच लाइट गेली, तरी कोणी उठलं नाही. मोगँबो झालेले अमरीश पुरी दिसले की लेकरं आईच्या पदरात तोंड लपवायची. श्रीदेवी नाचू लागली की म्हाताऱ्याही खुलायच्या. दोघंही आता नाहीत. अमरीश पुरी २००५ साली गेले, श्रीदेवी २०१८ साली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पोराच्या मनगटाला काही ना काही बांधलेलं! "मी दिसत नाही" म्हणत आमचे थोरले बंधू वाण्याचा गूळ उचलायला गेले आणि मार खाऊन आले.

तेव्हा सगळी मजा गायब होण्याचीच होती. दिग्दर्शन शेखर कपूर यांचं, कथा सलीम-जावेद यांची, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. संगणकाची करामत नसताना पीटर परेरा यांनी कॅमेऱ्याच्या युक्तीने माणूस नाहीसा केला. तो दिसायचा फक्त तांबड्या उजेडात.

या खेपेला मात्र आमचं लक्ष दुसरीकडेच गेलं. अनाथ मुलं सांभाळणारा अरुण, थकलेलं घरभाडं, वाण्याची उधारी, पैशासाठी खोली भाड्याने देण्याची वेळ. हे तर आपल्याच घरातलं!

एवढ्यात आठवीतली लेक म्हणाली, "बाबा, मला असलं यंत्र पाहिजे."

आम्ही हसत विचारलं, "कशाला गं?"

"फी राहिलेल्यांची नावं वर्गात वाचतात ना, तेव्हा. मग मी कोणालाच दिसणार नाही."

घरात कोणी बोललं नाही. आपली ओढाताण लेकरांना कळत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

शेवटच्या मारामारीत अरुणजवळ ते यंत्र नसतं. सगळ्यांना दिसत असतानाच तो मोगँबोशी भिडतो. लेकीची आई एवढंच म्हणाली, "बघ, आता त्याच्याकडं यंत्र नाही."

सोमवारी अर्ध्या दिवसाचा खाडा करून आम्ही लेकीसोबत शाळेत गेलो. फीचे हप्ते पाडून मागितले आणि नावं वर्गात वाचू नका, असं सांगितलं. हप्ते मिळाले. नावांचं "बघू" म्हणाले. आम्ही पुन्हा जाणार आहोत. लेक शेजारीच उभी होती, मान वर करून.

लेकरांना हा सिनेमा जरूर दाखवा. संपल्यावर मात्र विचारा, "यंत्र मिळालं तर तुला कोणापासून लपायचंय?" आणि उत्तर नीट ऐकून घ्या.