दोष कायद्याचा नाही



मनोरुग्णांना घरी पाठवण्याच्या धोरणावर टीका करणारा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णांना वाऱ्यावर सोडले, हे लेखकाचे विधान चुकीचे आहे. घरचे स्वीकारत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असे कलम १९ सांगते. बाहेरची सोय उभारण्याची जबाबदारीही कायद्याने सरकारवर टाकली आहे. सरकारने ती टाळली, तर कायद्याला का झोडपता?

‘चार भिंतींआड ते सुरक्षित असतात’ हेही पटत नाही. ऑगस्ट २००१मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी आश्रमाला आग लागली. २८ मनोरुग्ण गेले. बहुतेकांना साखळ्यांनी बांधलेले होते.

कुटुंबे थकतात, हे मात्र खरे. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तो झेरॉक्सच्या दुकानात कामाला जातो, हिशेब चोख ठेवतो. गोळ्यांच्या डबीतला रात्रीचा कप्पा रिकामा झाला ना, एवढे मी बघते. आमचे अडते ते वेगळ्याच ठिकाणी. सरकारी दवाखान्यात त्याची गोळी कित्येकदा नसते, मग ती बाहेरून विकत घ्यायची. आणि माझ्यामागे त्याने राहायचे कुठे, याचे उत्तर कोणाकडेच नाही.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत खाटा वाढवून ते मिळणार नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत निवारागृहे आणि तालुक्याला नियमित औषधे हवीत. लेखकाने लेखणी त्यासाठी झिजवावी.

– एक वाचक, ठाणे