पुनर्विकासाच्या प्रतीक्षेत गंजणाऱ्या इमारती

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईला न धडकता समुद्रातूनच गुजरातकडे सरकले. तरीही कुलाब्यात वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला आणि सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच्या वर्षभर आधी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागांत हजारो घरांची छपरे उडाली. आडव्या झालेल्या नारळ-सुपारीच्या बागा सगळ्यांनी पाहिल्या. किनाऱ्यालगतच्या तीन-चार मजली, मध्यम आणि अल्प उत्पन्न गटाच्या सोसायट्यांची मात्र फारशी बातमी झाली नाही. त्यांच्या गच्चीवरचे पत्रे उडाले, खिडक्यांच्या सरकत्या काचांच्या फटीतून पाणी खोलीत आले, भिंती महिनाभर ओल्या राहिल्या. मग वर्गणी काढून वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम झाले आणि विषय मिटला, असे सगळ्यांनी धरले.

विषय मिटलेला नसतो, कारण खरे दुखणे गिलाव्याच्या आत असते. समुद्राच्या वाऱ्यातले क्षार काँक्रीटमध्ये मुरत मुरत सळईपर्यंत पोहोचतात. सळई गंजू लागली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. काँक्रीटला आतून तडा जातो, स्लॅबखालचे पोपडे गळतात, आणि त्या तड्यांतून पुढच्या पावसाचे पाणी आणखी आत शिरते. इमारतीच्या बांधकामासाठीची भारतीय मानक संहिता, आयएस ४५६, किनारी हवेचा समावेश ‘तीव्र’ गटात करते. २००० सालच्या आवृत्तीनुसार अशा ठिकाणी सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण आणि एम-३० प्रतीचे काँक्रीट लागते. त्याआधीच्या काळात साध्या स्लॅबला १५ मिलिमीटर आवरण पुरेसे धरले जाई. म्हणजे त्या काळातल्या कितीतरी स्वस्त इमारतींमध्ये क्षारांना सळई गाठायला फार अंतर कापावे लागलेच नाही. अशा इमारतीला वरून सिमेंट थापून रंग दिला, तर बिघाड फक्त नजरेआड होतो.

दुरुस्ती चुकीची झाली तर काय होते, याचे सर्वात वेदनादायक उदाहरण मालाडच्या मालवणीचे आहे. ९ जून २०२१ च्या रात्री, तौक्तेनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, तिथली एक इमारत शेजारच्या घरावर कोसळली. बारा जणांचा जीव गेला, त्यात बहुतेक लहान मुले होती. वादळानंतर त्या इमारतीत बांधकामाचे काही बदल केले गेले होते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. ती वस्ती नोंदणीकृत सोसायटीची नव्हती आणि तिचे प्रश्न वेगळे होते. पण अभियंत्याला न विचारता, हाताशी असेल त्या गवंड्याकडून वादळाचे नुकसान भरून काढायची सवय सोसायट्यांमध्येही तितकीच रुजलेली आहे.

कायदा याबाबत गप्प नाही. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीसाठी दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितले आहे. अडचण पैशाची आहे, आणि ती नियमातच दडलेली आहे. उपविधींनुसार मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का, तोही जमिनीची किंमत वगळून. समजा, १९९० साली एखादी इमारत ४० लाखांत उभी राहिली. तिचा सिंकिंग फंड वर्षाला दहा हजार आणि दुरुस्ती निधी तीस हजार रुपये होतो, तोही सगळ्या इमारतीचा मिळून. आज एका कॉलमच्या जॅकेटिंगचा, म्हणजे खांबाभोवती नवे काँक्रीट चढवण्याचा, खर्च काढला तरी या रकमेचा अपुरेपणा कळतो. सर्वसाधारण सभेला हे दर वाढवता येतात. पण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांसमोर तो ठराव मांडायला सेक्रेटरी कचरतात, आणि त्यांना दोष देणे सोपे नाही.

मग आशा उरते ती पुनर्विकासाची. ‘बिल्डर येणारच आहे, आता खर्च कशाला?’ हे वाक्य बोरिवलीपासून वसईपर्यंत सभासभांत ऐकू येते. या वाक्याने इमारतींचे जितके नुकसान केले, तितके वादळांनीही केले नसेल. जिथे जागेला भाव आहे तिथे बिल्डर येतो, तेही अनेक वर्षांनी. रत्नागिरी किंवा श्रीवर्धनच्या चार मजली इमारतीत त्याला फायदा दिसत नाही. मुंबई बेटावरच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे. उपनगरांतल्या आणि कोकणातल्या सोसायट्यांच्या पाठीशी असे कोणतेही मंडळ नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकअवे किनाऱ्यावरचा अनुभव इथे उपयोगी पडतो. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळाचे खारे पाणी तिथल्या सार्वजनिक गृहसंकुलांच्या तळघरांत शिरले. बॉयलर आणि विजेची यंत्रणा निकामी झाली, हजारो भाडेकरू थंडीत अंधारात राहिले. नंतर शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला ३३ वसाहतींसाठी सुमारे तीन अब्ज डॉलरची केंद्रीय मदत मिळाली. तिथे केवळ मोडलेले पूर्ववत केले नाही. नवे बॉयलर, विजेचे पॅनेल, जनरेटर पुराच्या पातळीच्या वर बसवण्याचे ठरले. कामाला अनेक वर्षे लागली आणि रहिवाशांनी तोवर खूप सोसले. पण वादळानंतरच्या पैशातून पुढच्या वादळाची तयारी करायची, हा विचार आपल्या नुकसानभरपाईच्या व्यवस्थेत अजून आलेला नाही.

आपल्याकडे २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरात कित्येक सोसायट्यांच्या तळमजल्यावरील मीटर रूम पाण्याखाली गेल्या. त्यातल्या किती आज उंचावर आल्या आहेत? मीटर आणि पंपाचे पॅनेल उचलून बसवणे हे इमारत पाडून बांधण्यापेक्षा फारच स्वस्त काम आहे. गच्चीवरच्या पत्र्यांच्या शेडचेही तसेच. वारा पत्र्याला वरून दाबण्यापेक्षा खालून उचलतो आणि कोपऱ्यांवर सर्वाधिक ओढ असते. म्हणून शेडचे खांब स्लॅबवर नुसते टेकवून चालत नाही, ते अभियंत्याच्या नकाशाप्रमाणे जखडावे लागतात. पण या सगळ्याच्या आधी सळईची तपासणी हवी. गंज खरवडून, गरज तिथे सळई बदलून, पॉलिमर मॉर्टरने आवरण पूर्ण झाले की मगच रंग.

राज्य सरकारने स्वयंपुनर्विकासाला, म्हणजे सोसायटीने बिल्डरविना स्वतः केलेल्या पुनर्विकासाला, सवलती दिल्या, ते योग्यच झाले. तशीच व्याजसवलतीची कर्जयोजना किनाऱ्यावरच्या जुन्या परवडणाऱ्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीही सुरू करावी, तिला ऑडिटची अट घालावी आणि दुरुस्ती निधीचा हिशेब तीस वर्षांपूर्वीच्या नव्हे, आजच्या बांधकाम खर्चावर करावा. सभासदांनी मात्र सरकारची वाट पाहू नये. सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सभेत शेवटचा ऑडिट अहवाल मागावा, त्यातली कोणती कामे झाली आणि कोणती राहिली हे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, आणि रंगाऱ्याचे कोटेशन येण्याआधी अभियंत्याचे नाव ठरवावे.