तोटा दिसला म्हणून?

मंचर-नारायणगावात टोमॅटोच्या पट्टीच्या जोडीला आता तिमाही निकालांचीही चर्चा कानावर पडते. डीमॅट खातं मोबाइलवर आलं, तसे निकालाचे अर्थ लावणारेही वाढले. त्यांचा ठाम सिद्धांत असा: क्लाउड सॉफ्टवेअर कंपनीने नफा दाखवला तर तब्येत ठणठणीत, तोटा दाखवला तर कंपनी गाळात. सिद्धांत सोपा आहे, पण चुकीचा आहे.

गंमत म्हणजे हीच मंडळी आपल्या साखर कारखान्याला हे माप कधी लावत नाहीत. पारगावचा भीमाशंकर असो की निवृत्तीनगरचा विघ्नहर, गाळप काही महिन्यांचं आणि साखरेची विक्री वर्षभराची. पावसाळ्यात धुराडं बंद दिसलं म्हणून कारखाना बुडाला, असं जुन्नर-आंबेगावचा कोणताही ऊस उत्पादक म्हणणार नाही. तो विचारतो, उसाची एफआरपी, म्हणजे रास्त दराची रक्कम, चौदा दिवसांत जमा झाली का? गोदामात साखर किती, तिच्यावर बँकेची उचल किती? म्हणजे तो नफ्याची ओळ ओलांडून थेट ताळेबंदात आणि रोकडीत शिरतो. शेअर घेताना हे शहाणपण कुठे जातं, कोण जाणे!

आता क्लाउड कंपनीचा हिशेब पाहा. ग्राहकाने १ जानेवारीला वर्षाची १२ लाखांची वर्गणी आगाऊ भरली. पैसे बँकेत आले, पण मार्चअखेरच्या तिमाहीत उत्पन्न धरायचं फक्त ३ लाख. सेवा द्यायची बाकी आहे, म्हणून उरलेले ९ लाख ताळेबंदात देणं म्हणून बसतात. २०१८ पासून लागू झालेल्या इंड एएस ११५ या लेखामानकात याला काँट्रॅक्ट लायबिलिटी म्हणतात. उलट, हा ग्राहक मिळवायला केलेली जाहिरात आणि विक्रेत्यांचे पगार बहुतांशी लगेच खर्ची पडतात. त्यामुळे नवे ग्राहक जितके भराभर येतील, तितका कागदावरचा तोटा फुगू शकतो. सेल्सफोर्स या अमेरिकी क्लाउड कंपनीचं जानेवारी २०१६ अखेरचं वर्ष घ्या. उत्पन्न सुमारे ६६७ कोटी डॉलर, निव्वळ तोटा ४.७ कोटींच्या आसपास, आणि व्यवसायातून हाती आलेली रोकड सुमारे १६१ कोटी! याला आजारी कंपनी कोण म्हणेल? (पुण्याची सॉफ्टवेअर कंपनी पर्सिस्टंट मात्र या पंगतीत बसवू नये. तिची मुख्य कमाई वर्गणीची नाही, काम करून दिल्याची आहे.)

‘मग रोकडच बघू’ म्हणणाऱ्यांनाही मोकळं सोडता येत नाही. त्याच वर्षी सेल्सफोर्सने जवळपास ५९ कोटी डॉलरचा मोबदला कर्मचाऱ्यांना शेअरच्या रूपात दिला. रोखीने काही गेलं नाही, म्हणून रोख प्रवाहाच्या पत्रकात हा खर्च नफ्यात परत मिळवला जातो. गेलं ते भागधारकाचं: शेअर वाढले, त्याचा हिस्सा घटला. तेव्हा रोकडीतून ही रक्कम वजा करूनच पुढे बोलावं. तीच गोष्ट आगाऊ रकमेची. भरघोस सूट देऊन तीन वर्षांची वर्गणी एकदम गोळा केली, तर यंदा गल्ला भरतो आणि पुढची दोन वर्षं सुकी जातात.

तिसरा पक्ष चावडीवरच्या संशयात्म्यांचा: ‘सगळे आकडे शिजवलेले, बघायचेच कशाला?’ निकालांचं पूर्ण लेखापरीक्षण दर तिमाहीला होत नाही हे खरं, पण मर्यादित का होईना, लेखापरीक्षकाची तपासणी होते. आणि एक आकडा फार काळ लपवता येत नाही. गेल्या वर्षी ज्या ग्राहकांनी १०० रुपये दिले, त्याच ग्राहकांनी यंदा किती दिले? ११० दिले तर कंपनी नवा ग्राहक न शोधताही वाढते आहे. ८५ वर आले, तर नफ्याची ओळ कितीही हसरी असो, जुनी गिऱ्हाइकं काढता पाय घेत आहेत.

राहिला निकाल येताच निवाडा करण्याच्या घाईचा प्रश्न. सेबीच्या नियमाने ताळेबंद आणि रोख प्रवाह सहामाहीलाच द्यावे लागतात. जून आणि डिसेंबरच्या तिमाहीत ते दिले नाहीत तरी चालतं. म्हणजे ऑगस्टमध्ये जूनच्या तिमाहीच्या ज्या कागदावरून पैजा लागतात, त्यात तब्येत सांगणारी पानं बहुधा नसतातच. सप्टेंबरअखेरचे आकडे १४ नोव्हेंबरपर्यंत येतात. तोवर दम धरायला काय हरकत आहे?