विश्लेषण: चेन्नईची इकोस्पोर्ट, अमेरिकेतला रिकॉल, पुरस्कार मिळवणाऱ्या इंजिनात बिघडतं काय?

डिसेंबर 2023 मध्ये फोर्डनं अमेरिकेत सुमारे 1 लाख 39 हजार गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. त्यात 2016 ते 2018 च्या फोकस आणि 2018 ते 2022 च्या इकोस्पोर्ट होत्या. कारण एकच: 1.0 लिटर इकोबूस्ट इंजिनातला ऑइल पंप चालवणारा पट्टा आणि त्याचा टेन्शनर. यातल्या इकोस्पोर्ट अमेरिकेत बनल्या नव्हत्या. त्या चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरच्या कारखान्यातून जहाजानं तिकडे गेल्या होत्या. 1.0 इकोबूस्ट इंजिनाची इकोस्पोर्ट भारतातही विकली गेली आणि सेकंडहँड बाजारात ती कमी किमतीत मिळते. म्हणूनच हा विषय इथल्या मालकांच्याही कामाचा आहे.

हे इंजिन एवढं का गाजलं?

इकोस्पोर्ट भारतात जून 2013 मध्ये आली. लांबी चार मीटरच्या आत, त्यामुळे कर कमी. त्यातलं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन 125 पीएस ताकद द्यायचं. या 1.0 इकोबूस्टनं 2012, 2013 आणि 2014 असा सलग तीन वर्षं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ पुरस्कार मिळवला. पण लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद काढायची म्हणजे उष्णता जास्त, दाब जास्त आणि सगळा भार इंजिन ऑइलवर.

पट्टा तेलात का ठेवला?

इंजिनातला रबरी पट्टा सहसा कोरडा असतो. इकोबूस्टमध्ये तो तेलात भिजलेला ठेवला. त्यामुळे घर्षण आणि आवाज कमी होतो, इंजिन आटोपशीर बनतं. अडचण अशी की तेल चुकीच्या ग्रेडचं असेल, वेळेवर बदललं नसेल किंवा त्यात पेट्रोल मिसळत असेल, तर रबर खराब होऊ लागतं. शहरात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरेसं तापत नाही आणि पेट्रोल तेलात मिसळण्याचं प्रमाण वाढतं.

रबराचा चुरा ऑइल पंपाच्या गाळणीत अडकतो आणि तेलाचा दाब घटतो. पट्ट्याचे दात झिजले किंवा टेन्शनर तुटला तर पंपच थांबतो. मग टर्बो आणि बेअरिंगला तेल मिळत नाही आणि इंजिन बंद पडू शकतं. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदतही जाते, पेडल जड होतं. म्हणून हा प्रश्न फक्त खर्चाचा नाही, सुरक्षेचा आहे.

बाकीचे बिघाड कोणते?

युरोपात सुरुवातीच्या 1.0 इकोबूस्ट गाड्यांमध्ये कूलंटचा पाइप फुटून इंजिन तापण्याचे प्रकार घडले. तापमानाचा काटा वर जाईपर्यंत उशीर झालेला असायचा.

दुसरा बिघाड पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. गाडी थरथरते, धक्के देते. ऑस्ट्रेलियात फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टच्या ग्राहकांनी अशा तक्रारी केल्या, तेव्हा काहींना ‘तुमची गाडी चालवण्याची पद्धत चुकीची आहे’ असं सांगण्यात आलं. तिथल्या ग्राहक आयोगानं कोर्टात धाव घेतली आणि एप्रिल 2018 मध्ये फोर्ड ऑस्ट्रेलियाला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. भारतात 2017 पर्यंतच्या 1.5 पेट्रोल ऑटोमॅटिक इकोस्पोर्टमध्ये पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच होता.

भारतातही रिकॉल झाले. 2015 मध्ये मागच्या सस्पेन्शनच्या बोल्टसाठी सुमारे 16 हजार, तर 2016 मध्ये इंधन आणि ब्रेकच्या नळ्यांसाठी सुमारे 48 हजार इकोस्पोर्ट बोलावल्या गेल्या.

भारतात मालकाच्या मदतीला कायदा आहे का?

आहे, पण त्याला मुदत आहे. एप्रिल 2021 पासून केंद्र सरकार कंपनीला सक्तीनं रिकॉल करायला लावू शकतं. कंपनीला 1 कोटी रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. मात्र हा नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठीच आहे. इकोबूस्ट इंजिनाची विक्री बीएस-6 नियमांच्या सुमारास 2020 मध्ये थांबली. म्हणजे अशा बहुतेक इकोस्पोर्ट या मुदतीबाहेर गेल्या आहेत किंवा लवकरच जातील. त्यात सप्टेंबर 2021 मध्ये फोर्डनं भारतातलं उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. अमेरिकेतल्या रिकॉलचा फायदा तिथल्याच गाड्यांना मिळतो. इथे पट्टा बदलायचा तर खर्च बहुधा मालकाच्याच खिशातून.

सेकंडहँड घेताना काय बघायचं?

- सर्व्हिसची सगळी बिलं आणि त्यात ऑइलचा ग्रेड. या इंजिनाला फोर्डनं ठरवलेलं 5डब्ल्यू-20 ऑइल लागतं. ‘चांगलं ऑइल टाकलंय’ एवढं उत्तर पुरेसं नाही.
- गाडीचं वय. युरोपात फोर्डनं टायमिंग बेल्टसाठी दहा वर्षं किंवा सुमारे 2.4 लाख किलोमीटरची मर्यादा दिली होती. 2013-14 च्या गाड्यांनी दहा वर्षं केव्हाच ओलांडली, रनिंग कितीही कमी असलं तरी.
- सौदा ठरण्याआधी मेकॅनिककडून ऑइल सम्प उघडून गाळणी तपासणं. रबराचा काळा चुरा दिसला तर पट्टे बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागता येतो.
- कूलंटची पातळी आणि पाइपांची अवस्था.
- ऑटोमॅटिक असेल तर ट्रॅफिकमध्ये हळू चालवून बघणं. थरथर तिथेच कळते.

चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ असा विचार महागात पडतो. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करणं आणि टोइंग व्हॅन बोलावणं, हाच स्वस्त मार्ग. टोइंगला काही हजार जातात. तेलाविना चाललेलं इंजिन मात्र अनेकदा पूर्ण उघडावं लागतं, आणि जुन्या गाडीत तो खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.